सात महिन्यांचा आशीर्वाद

माझ्या लग्नात सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या त्या मला न्हाई, माझ्या मित्राला. तो त्या दिवशी आमच्या कंपनीचा साहेब होऊन आला होता.

आम्ही दोघं रांजणगावच्या एमआयडीसीत, एकाच कारखान्यात एकाच लाईनीवर कंत्राटी. कंत्राटी म्हणजे सात महिने काम, मग ब्रेक. घरी बसायचं, कंत्राटदाराच्या मागंमागं फिरायचं, आणि पुन्हा गेटातून नवीन माणूस म्हणून आत. का, तर आम्ही परमनंट होऊ नये. या एका शब्दापायी आमच्या वयाच्या किती पोरांची लग्नं अडली! वरवंडच्या माझ्या सासऱ्यांनीही पहिल्याच बैठकीत विचारलं, "पाव्हणं, परमनंट हाय का?" मी म्हणालो, "अजून न्हाई. पण व्हईन." माणूस भला, म्हणून पोरगी दिली. तेव्हापासून ते "व्हईन" माझ्या मानगुटीवर बसलं होतं.

मित्र केडगावकडचा. त्याचे आजोबा जलशात सावकाराचं सोंग वठवायचे, ते रक्तातून याच्यात उतरलेलं. कॅन्टीनमध्ये तो नुसता खांदे ताणून उभा राहिला तरी साहेब व्हायचा. "बेसिकली, आपण सगळे एक फॅमिली आहोत," असं म्हणायचा आणि आमचं ताक नाकातून यायचं. परमनंट करा म्हणून निवेदनं देऊन देऊन आम्ही थकलो, तेव्हा तोच म्हणाला, "आपलं कुणी ऐकत न्हाई ना? मग साहेबाच्या तोंडानं बोलू. तुझ्या लग्नात बोलतो."

आमच्याकडच्या लग्नातले आशीर्वाद तुम्हाला काय सांगू! मुहूर्त टळतो, नवरी उभी राहून अवघडते, पण माईक काही सुटत न्हाई. पांढरी गाडी आणि गळ्यात ओळखपत्राचा पट्टा दिसला की निवेदक कोण, कुठला विचारत बसत न्हाई, थेट फेटा बांधायला बोलावतो. मित्र मेव्हण्याची गाडी घेऊन आला. इन केलेला शर्ट, पट्टा, कपाळाला आठी. निवेदकाच्या कानात "हेड ऑफिस" एवढंच म्हणाला. झाला साहेब.

पण पहिल्या रांगेत बघतो तर कंपनीचे खरे एचआर साहेब! भावकीतल्या कुणी शहाण्यानं परस्पर बोलावलेले. आता हे ओळखणार आणि भर मांडवात शोभा होणार. कसलं काय! कंत्राटी माणसाचं तोंड त्यांनी कधी बघितलं होतं? निवेदक म्हणाला, "हेड ऑफिसहून खास उपस्थित," आणि खरे साहेब ताडकन उठले, रुमालानं स्वतःची खुर्ची पुसून याला दिली.

मित्रानं माईक घेतला. "वधूवरांना कंपनीतर्फे आशीर्वाद. सात जन्मांची गाठ आमच्या पॉलिसीत बसत नाही. आम्ही सात महिन्यांचीच बांधतो. नवरदेवांनीही तसंच करावं. सात महिने संसार, मग वहिनींना ब्रेक. म्हणजे त्या घरावर हक्क सांगणार नाहीत. पुन्हा आणायचंच झालं, तर नवी म्हणून आणावी. बेसिकली, आपण सगळे एक फॅमिली आहोत."

सगळा मांडव हसून फुटला. लाईनीवरची पोरं खुर्च्यांवर चढली. खरे साहेबही टाळ्या वाजवत होते. हेड ऑफिसचा माणूस बोलतोय म्हटल्यावर करतात काय बिचारे!

आणि तेवढ्यात माझे सासरे स्टेजवर आले. हात जोडलेले, डोळे भरलेले. "साहेब, लई भाषणं ऐकली. पर असा खरं बोलणारा साहेब पयल्यांदा बघितला. आता एवढं करा. माझ्या जावयाला परमनंट करा."

माझ्या मित्राचे ताणलेले खांदे खाली आले. त्यानं माझ्याकडं बघितलं. हसू पार उतरलं होतं. मग खाली वाकून सासऱ्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "करतो, मामा." तो आवाज साहेबाचा नव्हता, त्याचा स्वतःचा होता. जेवायलाही थांबला न्हाई.

व्हिडिओ कंपनीच्या सगळ्या बसमधून फिरला. पोरं एकमेकांना "सात महिने सुखाचे जावोत" म्हणायला लागली. वरून विचारणा झाली, हा साहेब कोण? एचआरवाले कात्रीत सापडले. तोतया म्हणावं, तर त्याला खुर्ची पुसून का दिली ते सांगावं लागणार. मग मिटवामिटवी झाली. साहेब खराच होता असं ठरलं, म्हणून चारचौघांत दिलेला तो एक शब्द तेवढा पाळला गेला आणि मी परमनंट झालो. बाकीची पोरं अजून ब्रेकवर जातात. मित्राला मात्र कंत्राटदारानं व्हिडिओत ओळखलं होतं; त्याचा ब्रेक संपलाच न्हाई. एमआयडीसीतल्या एकाही गेटानं त्याला आत घेतलं न्हाई. तो गुजरातला गेला म्हणतात. नंबर लागत न्हाई. केडगावला त्याच्या आईकडं जाऊन आलो, तर माउलीनं मलाच विचारलं, "तुला फोन येतो का रं त्याचा?"

लई आठवण येते त्याची. पगार हातात पडला की जास्तच येते. कॅन्टीनमध्ये आता सगळे खाली मान घालून जेवतात.

सासऱ्यांना खरं कधी सांगितलं न्हाई. माझी हिंमत होत न्हाई आणि बायको सांगू देत न्हाई. ते आले की पाणी प्यायच्या आधी विचारतात, "त्या साहेबांना एकदा वरवंडला जेवायला आणा की वो."

"त्यांची बदली झाली, मामा."

परवा तांब्या हातात घेतला. मग म्हणाले, "मग त्यांच्यासारखा दुसरा कुणी आला का न्हाई?"

"न्हाई आला," मी म्हणालो.