भासऱ्यांचा खोकला

अनंतरावांना चार भाषा येतात असं रायपूरचा सारा बुढापारा मोहल्ला मानतो, आणि सगळ्यांच्या आधी अनंतराव मानतात. घरात नागपुरी मराठी, बाजारात हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी, आणि रेल्वेच्या कार्यालयात हयात गेल्यामुळे अर्जाची इंग्रजी. अर्जाच्या इंग्रजीत माणूस कधी रागावत नाही, नेहमी नम्रपणे कळवतो. निवृत्तीनंतर ही विद्या गंजत चालली होती. संध्याकाळी ते बुढा तालाबाच्या काठी बसत. पाण्यावरचं ऊन हळूहळू विझे, बगळे आपापल्या झाडांवर परतत, आणि अनंतराव एखादा परदेशी माणूस वाट चुकून येतो का ते बघत राहत.

मग नॉर्वेहून इंगर आली. वाट न चुकता आली.

इंगर शिकणारी पोरगी. म्हाताऱ्या माणसांत संसर्गाचे रोग, मुख्यतः क्षय, कसे दबून राहतात त्याचा अभ्यास करायला तिच्या विद्यापीठानं तिला काही महिने रायपूरला पाठवलं होतं. तिच्या देशात म्हातारे पुष्कळ, पण क्षय जवळजवळ संपलेला. आमच्याकडे दोन्हींची ददात नाही. तिचे इथले मार्गदर्शक नव्या रायपूरला असत. तिथले रस्ते इतके रुंद आहेत की गेलेला माणूस लवकर परतत नाही. त्यांनी फोनवरून सांगितलं, गल्लीतला एखादा जाणता माणूस धरा. जाणता माणूस आंघोळ करून दारातच उभा होता. मोबदला अनंतरावांनी घेतला नाही. अहवालात नाव यावं, नावाआधी 'श्री' असावं, एवढीच अपेक्षा.

काम सोपं होतं. खोकला किती दिवसांचा, बेडका पडतो का, त्यात रक्त दिसतं का, रात्री घाम येतो का, वजन उतरलं का, हे इंगर इंग्रजीत विचारणार आणि अनंतराव आपल्या भाषेत. पण वयानं मोठ्या माणसाला, त्याच्याच घरी बसून, त्याच्याच चहाचा कप हातात असताना बेडक्याचं कसं विचारावं? ते संस्कारात बसेना. म्हणून अनंतराव विचारत, "काय इंदूकाकू, बरं आहे न सारं?"

इंदूकाकू सांगत बसत. जावयाची बदली, सुनेचा मोबाईल, गुडघे, नळाचं पाणी. मधे मधे पदराआड खोकत. चहा संपला की अनंतराव इंगरकडे वळून इंग्रजीत म्हणत, "नाही."

त्या तर बरंच बोलल्या, असं इंगर म्हणे.

"आमच्याकडे नाही म्हणायला वेळ लागतो," अनंतराव समजावत.

असं करत गल्लीतले साठीपुढचे सगळेच्या सगळे निरोगी निघाले. ही बातमी नॉर्वेला पोचली असेल, तर तिकडच्या म्हाताऱ्यांनी बुढापाऱ्यात खोल्या बघायला माणसं धाडली असतील.

ही कला अनंतराव परदेशी पाहुणीसाठी शिकले नव्हते. ती घरची होती. घरात माणसं तीन: अनंतराव, त्यांच्या पत्नी विनोदिनीबाई, आणि थोरले भाऊ यज्ञेश्वर, ज्यांनी लग्न केलं नाही. विदर्भाकडची जुनी रीत अशी की बाईनं भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, थेट बोलू नये. बाकी घरांतून ही रीत कधीच उठली. सुना आता भासऱ्यांना मोबाईलवर गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात पाठवतात. या घरात ती टिकली, कारण अनंतरावांनी ती जपली. विनोदिनीबाई भिंतीकडे बघून बोलत, यज्ञेश्वर पेपराकडे बघून, आणि मधे अनंतराव. दोघंही मराठीतच बोलत, एकाच घरात, एका भिंतीच्या अंतरावर. तरी भाषांतर होई. बाईंचा राग पलीकडे जाताना विनंती होई, दादांची कुरकुर इकडे येताना कौतुक होई. चाळीस वर्षांत घरात भांडण झालं नाही. त्याचं श्रेय अनंतराव स्वतः घेत, आणि ते खोटंही नव्हतं.

अडचण फक्त खोकल्याची होती. यज्ञेश्वर दिवाळीपासून खोकत होते. सदरा खांद्यावरून लोंबू लागला होता. सकाळी बनियन घामानं चिंब निघे, आणि ते धुणाऱ्या विनोदिनीबाईंना हे सगळ्यांत आधी कळलं. भासऱ्यांना दवाखान्यात न्या, असं त्या नवऱ्याला रोज सांगत. अनंतराव आत जाऊन दादांना म्हणत, ती विचारते, आल्याचा चहा करू का? मले काय धाड भरली, असं दादा म्हणत. अनंतराव बाहेर येऊन सांगत, जाईन म्हणाले, सवडीनं. चहा होत राहिला, सदरा लोंबत राहिला.

गल्ली संपली आणि एकच घर उरलं. तुमच्याकडेही थोरले भाऊ आहेत ना, असं इंगरनं विचारल्यावर अनंतरावांना त्यांना लपवता येईना.

दुपारी यज्ञेश्वर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. इंगरनं खोकल्याचा प्रश्न केला. अनंतराव वाकून म्हणाले, "दादा, हे पोट्टी विचारून राहिली, बरे आहात न?"

यज्ञेश्वरांनी बोलायला तोंड उघडलं आणि खोकला आला. खोल विहिरीत रिकामी बादली कडांना आपटत उतरावी, तसा तो उतरत गेला, तळाशी लागला आणि तसाच आपटत वर आला. अनंतराव अदबीनं थांबले. खोकला शांत झाल्यावर इंगरला इंग्रजीत म्हणाले, "खोकला नाही, असं म्हणतात."

इंगरनं पेन खाली ठेवलं.

'नो' कळायला इंग्रजी यावं लागत नाही. विनोदिनीबाई स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आल्या. डोक्यावर पदर होता, पण या वेळी त्यांनी भिंतीकडे बघितलं नाही. भासऱ्यांना हाक काय मारायची हे कधी ठरलंच नव्हतं, म्हणून इंगरच्या सामानातली बेडक्याची डबी उचलून, हाक न मारताच त्या बोलल्या.

"तुमचा खोकला मी रोज रात्री ऐकून राहिली. बनियन मी पिळते. आजार असला तर त्याले औषध आहे. नसला तर हे पोट्टी जाईल आपल्या घरी. पण या डब्बीत थुंका."

अनंतराव सवयीनं सुरू झाले, "दादा, ते म्हणते का..."

"ऐकू आलं मले," यज्ञेश्वर म्हणाले. मग त्यांनी वर बघितलं. "मले वाटे, घरात कोणाच्या ध्यानातच नाही. हा तर म्हणे, तुम्ही चहाचं विचारता."

"चहाचं मी कधीच नाही विचारलं."

यज्ञेश्वरांनी डब्बी घेतली.

क्षयच निघाला. सरकारी दवाखान्यातून गोळ्या आल्या. वेळेत आलात, एकही दिवस न चुकवता घेतल्या तर बरे व्हाल, असं डॉक्टरांनी बजावलं. विनोदिनीबाईंना आणि अनंतरावांनाही तपासलं, ते दोघं सुटले. इंगरनं पहिलं सगळं काम बाजूला ठेवलं आणि विनोदिनीबाईंना बरोबर घेऊन गल्ली पुन्हा पहिल्या घरापासून धरली. बाईंना इंग्रजी येत नाही. इंगरला तोवर कामापुरती हिंदी येऊ लागली होती, आणि बाईंचे प्रश्नही छोटे होते: खोकला आहे? किती दिवसांचा? थुंका. बघता बघता गल्लीतले बरेच निरोगी लोक आजारी पडले. इंदूकाकू त्यांत पहिल्या. मार्गदर्शकही एक दिवस नव्या रायपूरहून आले, सगळ्यांच्या मधे उभे राहून फोटो काढला आणि ऊन चढायच्या आत परतले.

सकाळची गोळी विनोदिनीबाई आता स्वतः नेऊन देतात आणि गिळेपर्यंत समोर उभ्या राहतात. पहिले काही आठवडे यज्ञेश्वर मुकाट गिळत. मग अंगात ताकद आली, सदरा थोडा भरला, आणि भूक परतली. एके दुपारी पानावर बसल्या बसल्या त्यांनी वरणाची वाटी जरा दूर सारली.

"एक विचारू? वरणात इतका गूळ काहून घालता?"

विनोदिनीबाई वाढता वाढता थांबल्या. "तुम्हाले आवडते म्हणून."

"मले? मले तर गोड वरण गिळवत नाही. लग्न होऊन तुम्ही आल्या, तवापासून मी याले सांगून राहिलो."

दोघंही अनंतरावांकडे बघू लागले. अनंतराव मान खाली घालून जेवत होते. त्यांना ते वरण फार आवडतं.