दोन कॅमेरे आणि अण्णांच्या हाताची हळद

आमच्या घरात अण्णांचा एकट्याचा एकही फोटो नव्हता. लेक फोटोग्राफर, लातुरात तिचा स्वतःचा स्टुडिओ, आणि बापाचा फोटो नाही! कुणी यावरून चिडवलं की माझं डोकं फिरायचं, पण चिडवण्यासारखंच होतं ते. आमच्याकडं म्हाताऱ्या माणसाला एकट्याला खुर्चीत बसवून कॅमेरा रोखला की ते लगेच विचारतं, "हाराचा फोटू काढून राहिलीस का माझा?" हाराचा फोटो म्हणजे माणूस गेल्यावर भिंतीला लावून ज्याला हार घालतात तो. अण्णा या बाबतीत सगळ्यांच्या वरचढ. मी कॅमेऱ्याची पिशवी उघडली की ते चप्पल घालून बाहेर.

लग्नाकार्यात घोळक्यात उभे राहायचे, तेही कडेला. त्या फोटोंचा काही उपयोग नाही, कारण आमच्या भागात अल्बम बनवणारे सगळ्या वऱ्हाडाला एकजात गोरं करून टाकतात. माझ्या लग्नाच्या अल्बममधले अण्णा भिजवलेल्या कणकेसारखे दिसतात. खरे अण्णा काळे. चांगले पक्के काळे, आणि मी त्यांच्यावर गेलेली. मला त्यांचा एक फोटो हवा होता, त्यांच्या स्वतःच्या रंगातला. बाकी काही नको होतं.

काळ्या माणसाचे हात तेवढे पिवळे. नांदेडच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, एका आडत्याकडं हळदीच्या मालावर अण्णांचा जन्म गेला. पोत्यातून हळकुंड काढायचं, मोडायचं, आतला रंग घेणाऱ्याला दाखवायचा, की पुढच्या पोत्याकडं. नखांच्या कडा, पेरांमधल्या रेषा, तळहाताच्या घड्या, सगळं कायम पिवळं. मी लहान असताना ते कामावरून येऊन माझे गाल धरायचे आणि आई आतून ओरडायची, "अहो, आत्तापासूनच पोरीला हळद लावून राहिले का?" अण्णा हसायचे आणि अजून चोळायचे.

दोन कॅमेऱ्यांची भानगड सुरू झाली ती लातूरच्या एका सराफामुळं. त्याला दागिन्यांचा कॅटलॉग करायचा होता. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात सोनं हिरवट यायचं. तो माणूस स्क्रीनकडं बघून म्हणाला, "ताई, हे सोनं हाय का पितळ?" मला असा राग आला म्हणून सांगू! पण खोटं नव्हतं ते. मग मी मीडियम फॉरमॅटचा मिररलेस कॅमेरा घ्यायचं ठरवलं. यांचा सेन्सर साध्या कॅमेऱ्यापेक्षा बराच मोठा, त्यामुळं रंगांतले बारीक फरक आणि बारकावे जास्त टिकतात. दोन कंपन्यांचे दोन कॅमेरे डोळ्यांसमोर होते. घेण्याआधी पारखून बघावेत म्हणून दोन्ही हैदराबादहून भाड्यानं मागवले.

एकाला मी थोरला म्हणायची, एकाला धाकटा. थोरला जड, जागोजागी बटणं, फोकस झटक्यात पकडणारा. त्याच्या रॉ फाइली कुठल्याही स्टुडिओतल्या नेहमीच्या सॉफ्टवेअरात मुकाट उघडायच्या. धाकटा दिसायला देखणा, बटणं मोजकी, पण स्वभावानं संथ. त्याची रॉ फाइल खरी खुलायची ती त्याच्या कंपनीच्याच सॉफ्टवेअरात, आणि ते चालू केलं की माझा कॉम्प्युटर धापा टाकायचा.

रॉ म्हणजे कच्चा माल. कॅमेऱ्यानं जे पाहिलं ते सगळं त्यात असतं, फक्त रंग पक्का ठरलेला नसतो. तो सॉफ्टवेअर ठरवतं, आणि प्रत्येकाचं मत वेगळं. त्याच फाइलमधल्या माणसाला एक गव्हाळ म्हणतं, दुसरं तांबूस. आमच्या धंद्यात एक वाक्य ऊठसूट कानावर येतं: "रॉ हाय ना, निघतंय सगळं." तोंडावर अंधार आला, निघतंय. शालू भलत्याच रंगाचा आला, निघतंय. मीही गिऱ्हाइकांना हेच ऐकवायची.

सोन्याची परीक्षा झाली. पण दागिना शेवटी अंगावर असतो, तेव्हा त्वचेचा रंग कोणता कॅमेरा खरा देतो तेही बघायला हवं होतं. लातुरात माणसांचा काय दुष्काळ नव्हता. पण मी दोन्ही कॅमेरे पोटाशी धरून एसटीत बसले आणि अहमदपूरमार्गे नांदेड गाठलं.

"अण्णा, फोटो न्हाई ओ, कॅमेऱ्याची टेस्टिंग हाय," मी म्हटलं. "सराफाचं काम हाय. दोनातला कोणता माल चांगला ते बघायचंय."

कामाला अण्णा कधीच नाही म्हणत नसत. खिडकीजवळ खुर्ची ठेवली. ते शर्ट बदलून आले, बसले. मी त्यांच्या हातात ग्रे कार्ड दिलं. राखाडी रंगाचा साधा पुठ्ठा असतो तो. नंतर कॉम्प्युटरवर त्याला राखाडी धरायचं, म्हणजे उजेडाचा दोष निघून जातो आणि बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात.

"ही पाटी कशाला गं माय? ठाण्यात चोराला धरायला लावतात तशी?"

"धरा ना गप! छातीशी धरा."

"हाराचा फोटू न्हाई ना ह्यो?"

"न्हाई म्हटलं ना!"

ते पाटी धरून ओठांच्या कडेनं हसले, आणि मी थोरल्यानं, मग धाकट्यानं, खटाखट काढत गेले. पाटी खाली ठेवल्यावर चेहरा पुन्हा ताठ झाला. हसू पाटीबरोबरच गेलं.

वाळले होते ते. आदल्या पोळ्यापासून गुडघ्यांनी मोंढा सोडायला लावला होता. जेवण तुटलं होतं, अंगाला खाज यायची. आई म्हणायची, उन्हाळा बाधलाय. आम्हालाही ते पटलं.

लातुरात येऊन फाइली उघडल्या तर अण्णा पिवळे. थोरल्यात जरा तांबूस पिवळे, धाकट्यात स्वच्छ पिवळे. मी आधी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. मग दुसऱ्यात उघडल्या. मग ग्रे कार्डावर क्लिक केलं. कार्ड राखाडी झालं, शर्ट पांढरा शुभ्र झाला, मागची भिंतही जागेवर आली. अण्णा होते तसेच. आईला फोन लावला.

"आई, अण्णा पिवळे दिसून राहिले का गं?"

"ते कधी पिवळे नव्हते? मोंढ्याचा रंग हाय त्यो. अंघोळीनं जातो व्हय?"

मला हायसं वाटलं. खरंच, हळदच की! म्हटलं आता कोणता कॅमेरा जास्त बारकावे देतो तेवढं बघू, आणि धाकट्याची फाइल मोठी करत डोळ्यापर्यंत गेले. काय सांगू, बुबुळात खिडकीचे गज मोजता येत होते. आणि बुबुळाभोवतीचा पांढरा भाग पिवळा होता. डोळ्यात कोण हळद घालतं? मी नांदेडला दादाला फोन करून सांगितलं, आत्ताच्या आत्ता त्यांना दवाखान्यात ने.

मी पोचले तेव्हा डॉक्टर अण्णांच्या पापण्या खाली ओढून बघत होते. "हे असं कधीपासून आहे?"

"साहेब, हळदीच्या मोंढ्यात असतात ते," दादा म्हणाला.

"असतात?"

"म्हणजे, होते. पोळ्यापासून बंद हाय."

"मग हळद अजून कशी राहील अंगावर?" डॉक्टर म्हणाले.

एवढी साधी गोष्ट! मोंढा सुटल्यावर हात कधीतरी साफ झाले असणार, ते कुणी पाहिलं नाही. मग मागच्या दारानं दुसरंच पिवळं आलं आणि आम्ही त्याला जुनं समजून घरात घेतलं. दुसऱ्या कुणाच्या घरी अशी चूक झालीच नसती. माणूस पिवळा दिसला की लोक दवाखाना गाठतात. आमच्या घरात पिवळा माणूस म्हणजे अण्णा.

स्वादुपिंडाची गाठ होती, पित्ताची वाट अडवून बसलेली. नळी टाकता येईल, खाज कमी होईल, जेवण थोडं जाईल, असं डॉक्टर म्हणाले. त्यापुढचं त्यांनी आम्हाला बाहेर नेऊन सांगितलं.

दवाखान्यात एका दुपारी अण्णांनी मला विचारलं, "मग? कोणता माल चांगला निघाला?"

"धाकटा."

"घे मग त्योच. अन् माझा फोटू बरा आला का?"

"फोटो कुठं अण्णा, टेस्टिंग होती ती."

"हाव हाव, टेस्टिंग," असं म्हणून त्यांनी कूस बदलली. त्यांची पाठ खाजवत मी बसून राहिले. खोटं बोलायलाही मला त्या दिवशी धड जमलं नाही.

पावसाळा संपायच्या आत अण्णा गेले.

राख सावडून आल्यावर दादा म्हणाला, "तेराव्याला फोटो पाहिजे. तुझ्याकडं हाय ना तो टेस्टिंगचा? जरा उजळ कर. अन् ती पाटी काप."

"उजळ म्हणजे काय रे? बाप बदलून देऊ का?" मी सगळ्या पाहुण्यांदेखत ओरडले. "पाटी काही कापणार न्हाई मी. पाटी धरलेल्या फोटोतच हसलेत ते."

दादा बिचारा उठून बाहेर गेला. त्यानंही बाप गमावला होता, पण माझ्या जिभेला तेव्हा हाडच नव्हतं.

पाटी राहिली, पण पिवळं काढायलाच हवं होतं. आजारानं रंगवलेला माणूस जन्मभर भिंतीवर कसा ठेवायचा? आणि काढायचं तर किती? थोडं जास्त ओढलं की अण्णा जांभळट दिसायचे, थोडं कमी ओढलं की पुन्हा दवाखाना. ताडून बघायला त्यांचा खरा रंग कुठंच नव्हता. अल्बमांत नुसती कणीक.

मग माझं लक्ष माऊसवरच्या माझ्याच हाताकडं गेलं. ज्या रंगावरून मला स्थळं नाकारून गेली, तो रंग अण्णांचाच होता की! धाकटा परत गेला होता. मी तो पुन्हा भाड्यानं मागवला. त्याच खिडकीत, त्याच पाटीवर माझा हात ठेवून फोटो काढला, आणि कंपनीच्या त्या धापा टाकायला लावणाऱ्या सॉफ्टवेअरात दोन्ही फाइली शेजारी मांडल्या. माझ्या हाताला मोजमाप धरून अण्णांच्या अंगावरचं पिवळं हळूहळू मागं घेत गेले. डोळे पांढरे झाले. कपाळ काळं झालं, गाल काळे झाले. आणि एका क्षणी अण्णा समोर बसलेले. मी हुंदके देत रडले, आणि खरं सांगते, मला आनंदही झाला. म्हटलं, रॉ हाय ना, निघालं सगळं.

तेराव्याला फोटो पाटावर ठेवला. दादा हळूच म्हणाला, "लईच काळे केलेस." आत्या मात्र पदर तोंडाला लावून म्हणाली, "माझा भाऊ हाय ह्यो. अस्साच हुता." आई फोटोसमोर वाकून बघत राहिली. अण्णांची दहाही बोटं पाटीच्या कडेवर होती.

"हाताला हळद न्हाई," ती म्हणाली.

"आई, ते आजाराचं पिवळं होतं. काढावं लागलं मला."

"आजाराचं काढलंस, बरं केलंस. ह्यांची हळद कुठं हाय?"

रॉ हाय ना, हे माझ्या ओठांपर्यंत आलं आणि तिथंच अडकलं. मी खुर्ची मांडली तोवर मोंढा सुटून कितीतरी महिने झाले होते. हळद तेव्हा हातावर नव्हतीच. माझ्या दोन्ही महागड्या कॅमेऱ्यांनी ती पाहिलीच नाही. त्या फाइलीत जेवढं पिवळं होतं ते सगळं आजाराचं. आणि मी, त्यांच्या रंगातला फोटो पाहिजे म्हणून जन्मभर हटून बसलेली लेक, आयुष्यात एकदाही ते हात मोंढ्यावरून आले तसे टिपले नाहीत.

आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि अंगठ्यावर हळद घेऊन आली. आत्या दचकली. "वहिनी, आता हळदीला हात नगा लावू."

"रोज भाजीत घालतेच की," आई म्हणाली.

तिनं काचेवर एकेक नख शोधून हळद लावली. मग पेरांवरून अंगठा फिरवला. सगळी दहा बोटं होईपर्यंत भटजीही थांबून राहिले.

धाकटा मी पुढं विकत घेतला. सराफ खूश आहे, त्याचं सोनं आता सोन्यासारखं येतं. नांदेडला गेले की बघते, काचेवर हळद ताजी असते. हार वाळला की दादा बदलतो. एकदा तो स्टुलावर चढून फडक्यानं काच पुसायला निघाला, तर मी त्याचा हात धरला. त्यानं फडकं खांद्यावर टाकलं आणि नुसता हार घालून खाली उतरला.