तात्यांच्या शेडमधला स्वच्छ धूर

देवाशपथ सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. मी स्वतः तिथे हजर होतो. ज्या दिवशी रजेवर होतो त्या दिवसाचंही सांगणार आहे, पण तेही खरंच.

इंजिनाच्या टेस्टिंगमध्ये किस्से साठायला फार वाव. इंजिन तासन्‌तास एकाच वेगात चालवायचं, धूर मशीनमध्ये घ्यायचा आणि आकडे स्थिर होईपर्यंत बसून राहायचं. कानात कापूस, हातात चहा. माणूस बोलणार नाही तर काय करणार? आणि कापसामुळे ओरडून बोलणार, म्हणजे सगळ्यांना सगळं कळणार.

दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. बायोडिझेलचा तेव्हा भारी बोलबाला. घोटावड्याला तात्यांची शेड भाड्याने घेऊन आमची छोटी लॅब चालायची. वैद्य मॅडम प्रमुख, मी मशीन चालवणारा. तेल एका कंपनीचं आणि टेस्टिंगचा खर्चही तिचाच. कंपनीचे साहेब अधूनमधून गाडी घेऊन यायचे आणि आधी तात्यांच्या टेकाडावरच्या रानाकडे बघायचे, मग आमच्याकडे. त्या रानात त्यांना जट्रोफा, म्हणजे बायोडिझेलसाठी ज्याच्या बियांचं तेल काढतात ते झाड, लावून हवं होतं. तात्यांनी सांगून ठेवलं होतं, "मॅडमचा रिपोर्ट येऊ द्या. धूर चांगला निघाला तर करार करतो. गावात पुन्हा कुणी बोलाय नको."

* * *

साहेब एकदा तात्यांना जट्रोफाचे गुण सांगत होते. पाणी कमी, खत कमी, कुंपण तर लागतच नाही, कारण जनावरं त्याला तोंडच लावत नाहीत.

तात्यांच्या म्हशी त्याच रानात चरायच्या. ते म्हणाले, "आन मग म्हशींनी खायाचं काय? तुमचा रिपोर्ट?"

* * *

साहेबांनी तेलाचा पहिला कॅन आणला. इंजिन सुरू केलं आणि शेडभर भज्यांचा वास! शेजारच्या कारखान्यातले दोघं जण 'गरम काय आहे' म्हणून विचारून गेले.

मॅडम म्हणाल्या, "हे जट्रोफाचं आहे?"

"नाही, हॉटेलातल्या तळणीच्या तेलाचं."

"मग जट्रोफाचं कधी येणार?"

"झाडं लहान आहेत हो अजून," साहेब म्हणाले. "रिपोर्ट आधी लागतो."

* * *

मॅडमनी त्यांना एकदा सरळच विचारलं, "आणि निकाल वाईट आला तर?"

"आमच्याकडे निकाल वाईट येत नाही मॅडम," साहेब शांतपणे म्हणाले. "टेस्टिंग लांबतं."

* * *

तात्यांचा आमच्या मशीनवर काडीचा विश्वास नव्हता. एक दिवस त्यांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढून सायलेन्सरसमोर धरली. इंजिन साध्या डिझेलवर होतं. मग घरून दुसरी टोपी आणून बायोडिझेलवर धरली. पहिली काळीठिक्कर, दुसरी जेमतेम मळकी. साहेब एवढे खूश की त्यांनी दोन्ही टोप्यांचे फोटो काढले.

मॅडम म्हणाल्या, "काजळी कमी झालीय, खरंय. पण नायट्रोजनचे ऑक्साइड वाढलेत. डोळे चुरचुरतात, छातीला त्रास होतो, ते याच वायूंनी."

साहेबांनी टोपी उलटीपालटी करून बघितली. "पण यात दिसत नाहीत ना?"

* * *

मॅडमनी त्या वायूंचं पान रिपोर्टात घातलं. साहेबांनी रिपोर्ट परत पाठवला, जागा कमी पडतेय म्हणून. मॅडमनी पान पुन्हा घातलं. शेवटी कंपनीने रिपोर्ट गुळगुळीत कागदावर छापला, तेव्हा ते पान नव्हतं. टोप्यांचा फोटो मात्र पानभर होता.

* * *

आणि मग कराराचा दिवस. साहेब छापलेला रिपोर्ट आणि पेढे घेऊन शेडवर आले. तात्यांनी रिपोर्ट उघडलाही नाही. मॅडमकडे बघून म्हणाले, "मॅडम, तुमीच सांगा. झाला का धूर चांगला?"

कंपनीचं पुढचं काम अजून मिळायचं होतं. तरी मॅडमनी रिपोर्ट बाजूला सारला. मग म्हणाल्या, "काळा कमी झालाय, तात्या. न दिसणारा वाढलाय. ते पान यात नाही."

साहेब हसले. "किरकोळ आहे हो ते. माणसाला काही होत नाही."

"मग झालं तर," तात्या म्हणाले. माझ्याकडे वळले. "धुराचा पाइप भायेर सोडलाय न्हवं, त्यो काढ. शटर वढून घे. इंजान चालू कर." आणि शेडच्या मधोमध स्वतःच्या हाताने खुर्ची मांडली. "साहेब, तुमी हितं निवांत बसा. मी म्हशी घिऊन येतो, मग करू सही."

साहेब दारातच. "आपण बाहेर बसू ना तात्या. काय छान हवा आहे इथली."

"व्हय," तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मग तशीच."

आता यातलं खोटं कुठलं तेही सांगतो. शटर. शटर नव्हतं आणि भिंतीही नव्हत्या. मुळात ती कोंबड्यांची शेड. चारी बाजूंनी जाळी, वारा आरपार.

साहेब तरीही आत आले नाहीत.