लोकरीच्या काठाचं ताट

वडगाव निंबाळकरात पोरीचं लग्न ठरलं, की तिची आई आधी सोनाराकडं जायची, मग कापडाच्या दुकानात, आणि मग दिवेलागणीला, पदर डोक्यावरून पुढं ओढून, सर्जेरावाच्या गोठ्यात. गोठ्यात जायला पदर कशाला ओढायचा, असं कुणी विचारलं नाही. तिथं तिच्या लेकीची कला तयार व्हायची.

रुखवतात खोटं चालतं, हा आपल्याकडचा जुना रिवाज. भरतकामाचा रुमाल मावशीचा, मण्यांचं तोरण बारामतीच्या बाजारातलं, काडेपेटीच्या काड्यांचा बंगला भावाच्या दोस्ताचा. नवरीच्या हातचं म्हणावं तर त्या सगळ्याखाली अंथरलेली चादर, ती पण झटकून अंथरली म्हणून. सगळ्यांना ठाऊक असतं, आणि सगळ्यांच्या घरी लेकी असतात, म्हणून कुणी बोलत नाही. तर अशा रुखवताच्या मधोमध जे लाकडी ताट मांडलेलं असायचं, जाळी पाडलेलं, रंगवलेलं, ज्याच्याकडं बोट करून नवरीची आई सांगायची, "आमच्या पोरीनं केलंय, डोळं फोडलं बगा तिनं," ते ताट सर्जेरावाचं असायचं.

सर्जेरावाच्या बापानं मेंढरं राखली. सर्जेरावही पोरपणी मेंढरांमागं हिंडला, पण पुढं माळेगावच्या कारखान्यात वर्कशॉपात लागला, लेथवर. दिवसभर लोखंड कातायचा. एवढं झाल्यावर माणूस घरी येऊन पाय पसरून बसेल. ह्या गड्यानं गोठ्याच्या एका अंगाला जुनी मोटर बसवून लाकडाचा लेथ उभा केला. एका बाजूला म्हशी, एका बाजूला हा.

"म्हशींच्या डोळ्यात भुसा चाललाय की हो!" प्रयागबाई, त्याची बायको, ओरडायची.

"जाऊ दे. दूध दाट यील."

शिवणीच्या लाकडाची फळी फिरवून तो गोल, मधे खोलगट ताट काढायचा. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घासून घासून लाख तापायची, वितळायची आणि रंग लाकडाला धरून बसायचा. मग कडेला गिरमिटानं भोकं पाडायची, त्यातून केसासारखी पातळ करवत घालायची आणि जाळी कोरायची. मोर म्हणा, वेल म्हणा, चांदण्या म्हणा, गिऱ्हाईक मागेल ते. सगळ्यात बाहेरचा काठ मात्र त्याचा स्वतःचा. मोडक्या कानशीचा त्यानं एक टोच्या केला होता. तो हलक्या हातानं ठोकत ठोकत काठभर अशी बारीक वळणं उठवायचा, की डोळे मिटून बोट फिरवलं तर वाटावं, मेंढराच्या पाठीवरून हात चाललाय. मोर लोक मागून घ्यायचे. काठ मागायला लागायचा नाही.

आता एवढं सगळं गुपित राहिलं कसं? तर शेजारच्या भागूबाईमुळं. ह्या भागूबाईच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. कुणाची सून रुसली, कुणाच्या म्हशीनं लाथ मारली, हे त्या म्हशीच्या मालकाच्या आधी हिला कळायचं. पण सर्जेरावाचं पहिलं ताट हिच्याच लेकीच्या रुखवतात गेलं होतं. मग काय, बसली तोंडाला कुलूप लावून. पुढं प्रत्येक नवरीच्या आईला हीच घेऊन यायची आणि हीच दटावायची, "वाच्यता न्हाय करायची हं. लेकीबाळींची अब्रू हाय."

सर्जेरावाची खरी कमाई लग्नमांडवात. बोलावणं असो नसो, स्वारी हजर. हात मागं बांधून रुखवतापुढं उभा राहायचा, मान एकदा इकडं, एकदा तिकडं, आणि नवरीच्या आईला मोठ्यानं विचारायचा, "ताट कुणी केलं वो?"

ती माउली पदर सावरायची. चारचौघी बघत असायच्या. "पोरीनंच की, सर्जेराव."

"असं व्हय? हात बरा हाय."

आणि मिशीतल्या मिशीत हसत जेवायला बसायचा. अशी मजा त्यानं बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुक्यांत लुटली.

त्याच्या लेकीला, म्हाळसाला, हे पटायचं नाही. लेक एकुलती. लहानपणापासून गोठ्यातच बसलेली. लाखेच्या कांड्या वळण्यापासून जाळी कोरण्यापर्यंत सगळं तिनं बापाच्या हाताकडं बघून उचललं होतं. ती म्हणायची, "आबा, तुमी त्यांच्या तोंडून मुद्दाम खोटं वदवून घेता. बरं न्हाय हे."

"अगं गंमत."

"त्यांची रडायची पाळी, आन् तुमची गंमत."

म्हाळसाचं लग्न ठरलं ते वरकुट्यात, दादासाहेबाशी. पोरगा शेतकी शिकलेला, चार म्हशी, बागायत, स्थळ चांगलं. सर्जेराव घर बघायला गेला. सोप्यात टेकला आणि समोर बघतो तर भिंतीवर, खिळ्याला, त्याचंच ताट! मोराचं. काठाला लोकर. थोरल्या सुनेच्या, राजनंदिनीच्या रुखवतात आलेलं. माळेगावातल्या तिच्या आईनं गोठ्यात येऊन करून घेतलेलं. दादासाहेबाची आई कुशाबाई अभिमानानं म्हणाली, "आमच्या थोरलीनं केलंय. धाकटी पण गुणाची मिळू द्या म्हंजे झालं."

आत चहा गाळणाऱ्या राजनंदिनीच्या हातातली गाळणी तिथंच थांबली. सर्जेरावानं तिच्याकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं आणि गंभीर तोंड करून म्हणाला, "हात बरा हाय."

परतीच्या एसटीत तो एकटाच हसत होता. कंडक्टरला वाटलं, म्हातारा घेऊन बसलाय.

इकडं म्हाळसानं बापाला बजावलं, "माझ्या रुखवतातलं ताट मी करणार. फळी निवडण्यापासून. तुमी हात लावायचा न्हाय."

"न्हाय लावत, बाई."

"सगळ्या पोरींच्या आया खोटं बोलल्या. माझी आई एकटी खरं बोलणार."

आणि पोरीनं केलं. लेथवर ताट स्वतः काढलं. मोरबीर काही नाही. कडेनं मेंढरांचा कळप फिरवला, एकामागं एक. मेंढरं कोरली नाहीत, मेंढरांमधली मोकळी जागा कोरून काढली, म्हणजे जाळीतून उजेड आला की कळप चालायला लागायचा. त्यात एक कोकरू मागं वळून बघत थांबलेलं. रंग दोनच: घोंगड्याचा काळा आणि बाभळीच्या फुलाचा पिवळा. सर्जेराव वैरण टाकायच्या निमित्तानं गोठ्यात यायचा, म्हशींना दोनदा वैरण घालायचा आणि चोरून बघायचा. असलं आपल्याला सुचलं नसतं, हे त्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

शेवटी काठ उरला. म्हाळसानं टोच्या हातात घेऊन विचारलं, "काठाला काय करू, आबा?"

"तुझं ताट. मला काय विचारतीस?"

"तुमचाच घालते. आज्याच्या मेंढरांचा."

सर्जेरावाच्या डोळ्यांपुढं वरकुट्याची ती भिंत आली. त्यानं तोंड उघडलंसुद्धा. 'तो काठ सोडून दुसरं कायतरी कर, पोरी, तो काठ त्या घरात आधीच गेलाय.' एवढंच म्हणायचं होतं. पण लेक आपण होऊन आपला काठ मागत होती. दोन तालुक्यांत गेलेल्या ताटांपैकी एकाच्याही मालकिणीनं तो मागितला नव्हता. त्याचा ऊर भरून आला आणि अक्कल तेवढ्यापुरती बाजूला सरली.

"घाल," तो म्हणाला.

चौऱ्याण्णव सालच्या वैशाखात लग्न लागलं, वडगावातच, दारापुढच्या मांडवात. जेवणाआधी नवऱ्याकडच्या बायका रुखवत बघायला आल्या. शालू नेसलेली म्हाळसा शेजारीच पाटावर बसलेली. कुशाबाई पुढं झाली, ताटावर वाकली, काठावरनं बोट फिरवलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अगं बया! ह्यो काठ तर आमच्या भितीवर हाय! राजनंदिनी, हिकडं ये गं. हे तुझंच ताट की!"

राजनंदिनी आली, आणि खाली बघत राहिली.

मागनं कुणीतरी टोमणा टाकला, "भाड्यानं फिरतंय का काय हे ताट?" बायका हसल्या.

"माझ्या लेकीनं केलंय," प्रयागबाई म्हणाली. "खंडोबाची आण."

"आयांच्या आणा लई ऐकल्यात, इहीणबाई," कुशाबाई म्हणाली.

मांडवात वडगावच्या लेकी होत्या, त्यांच्या आया होत्या, भागूबाई होती. सगळ्यांना एकदम आपापल्या पायांतली जोडवी बघावीशी वाटली. म्हाळसानं सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि मग बापाकडं.

"आबा, सांगा की," ती म्हणाली.

एक वाक्य पुरलं असतं. 'भितीवरचं माझं, हे माझ्या लेकीचं.' पण ते वाक्य बोललं की राजनंदिनी भर मांडवात उघडी पडणार. तिच्यामागनं मांडवातली निम्मी बायकामंडळी उघडी पडणार. हे झालं एक. दुसरं असं, की अडचणीत सापडल्यावर खरं बोलायची ह्या माणसाला सवयच नव्हती; त्याची जीभ आधी गमतीकडं वळायची.

"अवो इहीणबाई," तो हसत म्हणाला, "घर बघाय आलो तवाच तुमच्या भितीवरचं ताट डोळ्यात भरलं. पोरीला म्हनलं, तुझ्या थोरल्या जावेचा हात बघ आन् तसं जमतंय का बघ. नक्कल हाय, नक्कल! पर नक्कल कराय बी अक्कल लागती का न्हाय?"

मांडव खदखदून हसला. कुशाबाई खूश, थोरलीचा मान राहिला, धाकटी आधीच तिच्या वळणावर. भागूबाईनं श्वास सोडला तो तीन घरांपलीकडं ऐकू गेला. पंगती उठल्या, बुंदी कमी पडली नाही, सगळे म्हणाले, लग्न झ्याक झालं.

निघताना म्हाळसा आईच्या गळ्यात पडून रडली, भागूबाईच्या गळ्यात पडून रडली, म्हशीच्या गळ्यात पडूनसुद्धा रडली. बापाच्या पाया पडली. ट्रॉलीत रुखवताचं सामान चढलं, त्यात ताटही गेलं.

पंचमीला ती माहेरी आली. बोलली-चालली, बापाला चहा करून दिला. सर्जेराव म्हणाला, "गोठ्यात ये की. शिवणीची झकास फळी आलीया."

"आईच्या हाताखाली करते आबा, पुरणाचं राह्यलंय."

दिवाळीला आली तेव्हाही असंच काहीतरी राहिलं होतं.

त्याच सुमाराला भागूबाई एका नवरीच्या आईला घेऊन गोठ्यात आली. सर्जेराव म्हणाला, मोटर जळाली. गावात हळहळ झाली. मोटर मात्र रोज सकाळी कडबाकुट्टी फिरवत होती आणि तिचा आवाज भागूबाईच्या परसापर्यंत जात होता. पण ह्याही बाबतीत ती गप्प राहिली. अशी दोन गुपितं एकाच बाईच्या पोटात राहिल्याचं गावाच्या इतिहासात दुसरं उदाहरण नाही.

पुढच्या वर्षी, सुगी झाल्यावर, सर्जेराव एक दिवस धुतलेलं धोतर नेसला आणि बारामतीला गाडी बदलून वरकुट्याला गेला. प्रयागबाईला एवढंच म्हणाला, "कुशाबाईला सांगून येतो."

"एवढ्या दिसांनी?" प्रयागबाई म्हणाली. "सांगा. मीठ जादा पडल्यावर आमटी गोड हुती का बघा."

सोप्यात गेला तर भिंतीवर दोन ताटं शेजारी शेजारी. एक मोराचं. दुसरं मेंढरांचं, आणि त्याचा काठ सपाट. बोट फिरवलं तर पाटीसारखा गुळगुळीत. कुठं कुठं लाकूड पांढरं पडलेलं.

म्हाळसानं पाणी दिलं, पाट मांडला, भाकरी-आमटी वाढली. बाकी माणसं रानात होती.

"काठ कुठं गेला गं?"

"घासला. कानशीनं."

"का?"

ती चुलीपुढं बसली. "सासूबाई आल्यागेल्याला दोन्ही ताटं दावायच्या. हे थोरलीचं, आन् हे धाकटीनं थोरलीचं बघून केलेलं. मग म्हनलं, बघून केलेलं तेवढं काढून टाकावं."

सर्जेरावानं भाकरी मोडली, आणि तशीच ताटात ठेवली. "मी आज सांगाय आलोय. तुझ्या सासूला. खरं काय ते."

"न्हाय सांगायचं, आबा." तिचा आवाज चढला नाही. "जाऊबाईंनी मला पैल्याच म्हैन्यात रडून सांगितलं. त्या उठून सासूबाईंकडं निघाल्या हुत्या, मीच हाताला धरून बसवलं. आमाला दोघींना ह्याच घरात राह्यचंय."

"म्हंजे तिच्यावर राग न्हाय तुझा?"

"त्या तवा परक्या हुत्या. त्यांनी आपली अब्रू राखली, त्यांचं काय चुकलं?" तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "तुमी माझं हुता, आबा."

बाहेर कुशाबाईचा आवाज आला. गवताचा भारा अंगणात टाकून ती पदरानं तोंड पुसत आत शिरली. "आगं बया, इवाई! कवा आला? आन् एवढं गप? एरवी हसवून मारताय आमाला. बोला की कायतरी."

सर्जेरावानं मान वर केली. कुशाबाईच्या मागं, चुलीच्या उजेडात, म्हाळसा त्याच्याकडंच बघत होती. तिनं मान अगदी थोडी हलवली. नाही.

"आमटी झ्याक झालीया," सर्जेराव म्हणाला.

"मग? धाकटी सुगरणच हाय आमची. वाढ गं बापाला."

"अर्धी भाकरी वाढू का, आबा?"

"वाढ," तो म्हणाला, आणि लेकीनं दिलेली सगळी भाकरी त्यानं, पाणी पीत पीत, संपवली.