सियागंजातला नाका

“कागद? मेरी गादी पे कागद?” मांगीलालजी ओरडत होते. इंदूरच्या सियागंजात त्यांची पेढी होती, आणि त्या दिवशीचा त्यांचा आवाज राजवाड्यापर्यंत गेला असं लोक सांगतात. मी म्हणतो देवासपर्यंत गेला, कारण तिथल्या माझ्या साडूनं पुढच्या आठवड्यात विचारलं, “मंगळवारी तुमच्याकडे काय कोसळलं हो?” सेठजींच्या पुढ्यात भाऊसाहेब पागनीस मांडी घालून, पाठ ताठ, हातात स्टँपपेपर धरून बसलेले. शेजारी मी, हळूहळू दाराकडे सरकत. “पागनीस साब, चालीस बरस में इस गादी से रुपया जबान पे गया और जबान पे आया. अब तुम मुझे लिख के दोगे? बाजार क्या बोलेगा? मांगीलाल डर गया?” भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, “सेठजी, एक बार कलम नौ तो देख लीजिए.” नववं कलम बटाटे वाटेत नासले तर काय, याबद्दल होतं. मांगीलालजींनी ते पाहिलं नाही. कागदाचा बोळा केला आणि रस्त्यावर भिरकावला.

भाऊसाहेब गेले त्याला आज पाच आठवडे झाले. दुपारचं जेवण झालं, खुर्चीत बसले, आणि चहाला हाक मारली तेव्हा उठले नाहीत. छत्रीबागेत आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत, तरी त्यांचा मुलगा रस्त्यानं वळसा घेऊन, चपला घालून, रीतसर माझ्या दारात आला. “काका, बाबा गेले.” एवढंच. मी चपला न घालताच त्याच्याबरोबर निघालो. दहाव्याला महूकडचे चार-पाच म्हातारे शेतकरी आले होते. कोपऱ्यात उभे राहिले, वहिनींना नमस्कार केला, निघून गेले. ते कोण, म्हणून घरातल्या नातवंडांनी मला विचारलं. तेव्हा ठरवलं, हे लिहून ठेवावं. मी थोडं वाढवून सांगतो हा माझ्यावरचा जुना आरोप आहे. यात निम्मं खरं धरलंत तरी भाऊसाहेब पुरतील.

आताच्या मुलांना मध्यभारत म्हणजे काय तेही सांगावं लागतं. होळकर, शिंदे आणि आणखी बरीच लहानमोठी संस्थानं एका दोरीत बांधून केलेलं ते राज्य. राजधान्या दोन, हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. फायली आणि कारकून रेल्वेनं ये-जा करायचे, आणि एक फाईल तर अशी होती की ती कुणी उघडलीच नाही, नुसता प्रवास करूनच ती निवृत्त झाली. त्याआधी प्रत्येक संस्थानाचा आपापला सायर नाका असे. सायर म्हणजे मालावरची जकात. मानपूरच्या अलीकडे, आग्रा-मुंबई रस्त्यावर, होळकरांचा जो नाका होता त्याचे भाऊसाहेब नाकेदार. त्यांचे आजोबा होळकरांच्या पागेत, वडील दप्तरात, आणि हे नाक्यावर. तीन पिढ्या सरकारचं मीठ. राज्यं एक झाली, नाके उठले, आणि एका सकाळी बांबूचा अडसर काढून कुणीतरी सरपणाला नेला. भाऊसाहेबांना हुकूम आला, महिनाअखेर ग्वाल्हेरला सचिवालयात कारकून म्हणून हजर व्हा.

त्यांना जायचं नव्हतं. नाक्यावर इतकी वर्षं बसून त्यांनी एक गोष्ट पाहिली होती, जी मोठमोठ्या सेठांनी पाहिली नव्हती. मुंबईहून लॉऱ्या भरून वर येत, कापड, यंत्रं, तेलाचे डबे, पण खाली जाताना बहुतेक रिकाम्या जात. कारण पडेल भावाचा माल नेला तर वाटेतले नाकेच त्याचा नफा खाऊन टाकत. आता नाके नव्हते, पण लॉऱ्या सवयीनं रिकाम्याच जात होत्या. “नाना,” ते मला म्हणाले, “महू-मानपूरचा बटाटा इथे मातीमोल जातो. मुंबईत त्याला भाव आहे. रिकामा लॉरीवाला अर्ध्या भाड्यात नेईल. ह्यात अडतं कुठे?” अडत होतं एकाच ठिकाणी. शेतकऱ्याला पैसे खळ्यावर रोख द्यायचे, लॉरीवाल्याला निघताना द्यायचे, आणि मुंबईचा व्यापारी देणार महिन्यानं. मधला महिना ज्याच्या खिशात, त्याचा धंदा. भाऊसाहेबांच्या खिशात अर्धा महिनाही नव्हता. तीन हजार पाहिजे होते, आणि बटाटा निघायला दहा दिवस उरले होते. मिळाले तर बटाटा, नाहीतर ग्वाल्हेर.

बँकेत गेलो. बँकेनं तारण विचारलं. मग बाजारात गेलो, तर बाजारानं साख विचारली. साख म्हणजे पत. ती बाजारात जन्मणाऱ्याकडे असते, आणि आमच्या मराठी नोकरदारांकडे असतो पगार. आम्ही तीस वर्षं एका वाण्याकडून रेशन घेतो आणि त्याचं नावसुद्धा विचारत नाही, मग कोण देणार आम्हाला साख? मांगीलालजींनी मात्र हो म्हटलं. नाक्यावर भाऊसाहेबांनी त्यांची गाडी तपासणीसाठी तीनदा रिकामी करवली होती, त्यामुळे ओळख चांगली होती. त्यांनी थैलीला हातही घातला होता, तेवढ्यात हा माणूस म्हणाला, “जरा थांबा,” आणि चौदा कलमांचा करारनामा काढला! मी नंतर त्यांना विचारलं, “अहो, देणारा कागद मागत नाही, आणि घेणारा जबरदस्ती करतो? हे जगात कुठे झालंय?” तर म्हणे, “विनाकागदाचा एक पैसा आमच्या घराण्यात कुणी हातात धरलेला नाही.”

आता तो रस्त्यावर पडलेला बोळा. तो फूलचंद दलालानं उचलला. फूलचंदच्या हातात कागद पडणं म्हणजे दवंडीवाल्याच्या हातात ढोल. त्यानं तो उलगडला, वर मांगीलालजींचं नाव वाचलं, आणि पुढचं वाचायचे कष्ट न घेता गल्लीत सांगत सुटला, “भिया, मांगीलालजी अब कागद लिखवा रिये हैं!” आता बाजाराचा हिशेब पाहा. चाळीस वर्षं शब्दावर देणारा माणूस आज कागद का मागतो? बुडतोय म्हणून. बुडतोय, तर आपली हुंडी, म्हणजे पैसे देण्याची त्याची चिठ्ठी, आजच वटवून घ्यावी. दुसऱ्या दिवशी सकाळी पेढीसमोर साठ माणसं उभी होती, प्रत्येकाच्या हातात मांगीलालजींची हुंडी. साठ म्हणजे माझ्या मोजणीनं सहाशे, पण साठ लिहितो.

मांगीलालजी बुडत मुळीच नव्हते. त्यांच्या कापसाच्या गाठी गोदामात छतापर्यंत होत्या. पण गाठ कापून कुणाला देता येत नाही, आणि रोकड आणायला मुनीम उज्जैनला गेलेला, तो संध्याकाळच्या आत येत नव्हता. दहा-बारा हुंड्या वटल्या की थैली रिकामी, आणि तेराव्या माणसाला “कल आना” म्हटलं की चाळीस वर्षं संपली. बातमी कळताच भाऊसाहेब आणि मी पेढीवर पोचलो, तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. काल ओरडणारा माणूस आज हळू आवाजात म्हणाला, “पागनीस साब, तुम्हारे एक कागद ने मार डाला.”

भाऊसाहेबांनी कोट काढून खुंटीला लावला. “ही भानगड माझी,” मला म्हणाले, “टेबल धर.” आम्ही मुनिमाचं टेबल ओढून बरोबर दारात आडवं लावलं. भाऊसाहेब मागे बसले, चष्मा पुसला, दौत उघडली, आणि त्या साठ माणसांकडे न बघता म्हणाले, “एक-एक करके आइए.” आणि काय सांगू... गर्दीची रांग झाली! त्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी मानपूरचा नाका ओलांडला होता. तो आवाज ऐकला की पाय आपोआप एकामागे एक लागत.

पहिला आला. नाव, बापाचं नाव, गाव, हुंडी कुणाकडून आली, त्याच्याकडे कुणाकडून आली. मग हुंडी उजेडात धरून पाहिली. उलटी धरून पाहिली. अक्षर जुन्या हुंडीशी ताडून पाहिलं. मिती, म्हणजे हुंडीची तिथी, विचारली, पंचांग मागवलं, संवत आणि तारीख यांचा मेळ घातला. वीस मिनिटांनी पैसे दिले. पूर्ण, रोख, चांदीचे, एकेक वाजवून, सगळ्यांसमोर. “गिन लीजिए.” त्यानं मोजले. “फिर से गिन लीजिए, बाद में शिकायत नहीं चलेगी.” त्यानं पुन्हा मोजले. दुसऱ्याची हुंडी पुढच्या महिन्याची निघाली. “अभी मुद्दत है, अगले महीने आइए,” म्हणून तिच्यावर खूण करून परत दिली. तो बिचारा शरमून गेला. मागून फूलचंद ओरडला, “अरे साब, जल्दी करो, शाम हो जाएगी!” भाऊसाहेबांनी कलम खाली ठेवलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. रांगेतल्या जुन्या लोकांनी फूलचंदला कोपरखळ्या मारल्या, “चुप बैठ रे, बोलने से और देर करते हैं ये.”

दुपारपर्यंत पाच झाले. लोक सावलीला बसले, कुणी चहा मागवला, कुणी कचोरी. आणि एकदा का माणूस कचोरी खायला बसला की तो विचार करू लागतो. एक म्हातारा आडत्या म्हणाला, “भिया, जो डूब रिया है वो इत्ती फुरसत से हुंडी देखेगा क्या? डूबनेवाला तो भाग जाता.” हे पटलं. एकानं हुंडी घडी करून खिशात घातली, “अपन को कोई जल्दी नी है.” मग दुसऱ्यानं. संध्याकाळी पाचच्या सुमारास मुनीम थैल्या घेऊन टांग्यातून उतरला, तेव्हा रांगेत नऊ माणसं होती, आणि त्यातली सात नुसती बघायला आलेली.

मांगीलालजींनी त्यातलीच एक थैली उचलून भाऊसाहेबांपुढे ठेवली. तीन हजार. कागदाचं नाव या वेळी ना त्यांनी काढलं, ना यांनी. भाऊसाहेबांनी रुपये दोनदा मोजून घेतले आणि खुंटीवरचा कोट अंगात घातला. पहिल्या लॉरीत नफा झाला, दुसरीत थोडा कमी, चौथीचा बटाटा पार नासला आणि त्यांनी शेतकऱ्यांचा एक पैसा बुडवला नाही. धंदा एकवीस वर्षं चालला. श्रीमंत झाले नाहीत. मुलगा शिकला, छप्पर पक्कं झालं, आणि त्यांच्या शब्दावर आमच्या गल्लीतल्या दोघांना बाजारानं पैसे दिले. ग्वाल्हेरचा हुकूम त्यांनी रीतसर उत्तर देऊन परत पाठवला.

त्या दिवशी पेढीवरून आम्ही चालतच घरी निघालो. थैली त्यांच्या कोटाखाली. मी अजून हवेत होतो. इतका मोठा बाजार, आणि एका माणसानं एका टेबलावर अडवून धरला! मी म्हटलं, “भाऊसाहेब, मानलं तुम्हाला. वेळ काढायची ही शक्कल तुम्हाला सुचली कधी?”

“कसली शक्कल?” ते म्हणाले. “माणसं खोळंबली होती, म्हणून आज मी घाईच केली.”