व्याही उडायला लायक आहेत

माझ्या व्याह्यांना देवानं पाय दिले ते केवळ विमानापर्यंत चालत जाता यावं म्हणून. नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात झाली, घरही तिकडेच, पण जीव सगळा फ्लाइंग क्लबातलं दोन माणसं मावणारं छोटं विमान उडवण्यात. स्कूटर काढतानासुद्धा आधी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा, दोन्ही चाकांना एकेक लाथ, मग ब्रेक, आरसा, पेट्रोल असं मोठ्यानं स्वतःलाच विचारून स्वतःच "ओके" म्हणणार. तोवर बाजार उठलेला असतो. चिमणीच्या धुराकडे बघून वारा कुठला ते सांगतात, आणि लोक सकाळी राशिभविष्य वाचतात तशी हे विमान खात्याची परिपत्रकं वाचतात. लग्नाच्या हॉलमध्ये शिरले की आधी बाहेर पडायची दारं मोजतात. त्यांची लेक माझ्या मुलाला दिली त्या लग्नातही मोजली होती. मला वाटलं, मुलीचा बाप पळून जातोय की काय.

त्या लग्नात मी वरमाई. पन्नाशीला टेकलेली, म्हणजे अक्कल यायला बराच अवकाश होता. नाक इतकं वर की समोरचा माणूस दिसत नसे. मानपानाची साडी मी नाकारली, तेव्हा व्याह्यांनी मला विमानात बसवायचं ठरवलं. मी पैठणी नेसून, ओटीचा नारळ मांडीवर घेऊन बसले आणि वर गेल्यावर पहिला प्रश्न विचारला, "हॉर्न कुठाय?" दुसरा विचारायच्या आत डोळे मिटले, ते खाली आल्यावरच उघडले. घरी मात्र वरून अंबाझरी तलाव किती सुरेख दिसतो ते तासभर सांगितलं. व्याही शेजारी बसून "हो, हो" म्हणत राहिले. वरमाईला नाही म्हणायचं नसतं, हे त्यांनी तेव्हा जे धरलं ते आजवर सोडलेलं नाही.

त्यानंच यंदा घात होणार होता. हौस म्हणून उडायचं तरी डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. पूर्वी त्यासाठी व्याह्यांना रात्रभर रेल्वेनं परगावी जावं लागे, आणि तिथं पोचेपर्यंत ब्लडप्रेशर विमानाच्या आधी चढलेलं. दोनदा हात हलवत परत आले, मग जाणंच सोडलं. कितीतरी वर्षं विमान क्लबात आणि हे घरात. यंदा नियम बदलला. हौशी वैमानिकांना गावातल्याच मान्यता मिळालेल्या डॉक्टरकडे तपासून घेता येऊ लागलं, आणि असा एक दवाखाना निघाला धंतोलीत, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. सकाळी सातलाच फोन.

"विहीणबाई, आता मले रेल्वेत बसाचं काम नाही. धंतोलीतच होऊन राहिलं सगळं."

"आणि नापास झालात तर?"

"तर मंग वरतून बोलावणं येईन तवाच उडीन."

तपासणीच्या दिवशी वेळ नऊची, हे आठलाच दारात. मी सांबारवड्या तळत होते. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. दारी आलेल्या व्याह्याला कोरड्या तोंडानं जाऊ द्यायचं नाही, ही रीत. चार वड्या पुढे ठेवल्या. त्यांनी वड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि निमूट खाल्ल्या. मी आणखी दोन वाढल्या. मग गंमत बघायला म्हणून दवाखान्यातही गेले.

साखरेचा आकडा बघून डॉक्टर थबकली. माझ्या नातीएवढीच दिसणारी मुलगी. "काका, उपाशीपोटी आलात ना?"

काका भिंतीकडे बघत राहिले.

"हा आकडा असाच लिहिला तर तुम्ही अनफिट ठरता, काका."

काकांनी वर सरकवलेली बाही खाली ओढून बटण लावलं. विहिणीचं नाव पुढे यायला नको म्हणून हा माणूस आख्खं आभाळ सोडायला निघाला होता. शेवटी मीच म्हटलं, "सहा सांबारवड्या, डॉक्टर. मी वाढल्या." तिनं हसू दाबत दुसऱ्या दिवशी बोलावलं.

बाहेर आल्यावर मी उखडले. "उपाशी राहायचंय, हे सांगायला काय झालं होतं?"

"तुमी इतक्या मायेनं वाढून राहिल्या होत्या. नाही कसं म्हनू?"

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराला कुलूप घातलं. साखर ठीक निघाली. मग दंडाला पट्टा बांधला आणि प्रेशर चढलं. डॉक्टरनं आकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आजी, तुम्ही जरा बाहेर बसता का?" त्यांना काका आणि मला आजी! तो अन्याय गिळून बाहेर बसले. दहा मिनिटांत प्रेशर अलगद खाली उतरलं.

फिट. एका वर्षासाठी.

धंतोलीच्या त्या रस्त्यावर सगळ्या विदर्भातून आलेली माणसं एक्स-रेच्या पिशव्या धरून उभी असतात. त्यांच्यात व्याही आपला कागद दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

"एकच वर्ष?" मी कुचकेपणानं म्हटलं.

"विहीणबाई, बहात्तराव्या वर्षी पुढचं वर्ष कोन लिहून देते? पाहा ना, सही हाये, शिक्का हाये."

मी कागद हातात घेतला. खरंच सही होती, शिक्का होता. मी त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी. मला असं काही कुणी लिहून दिलेलं नाही, आणि मागावं असं आजवर सुचलंही नव्हतं. कागद परत देताना माझ्या हातून तो जरा सावकाशच सुटला.