उशाशीची उदबत्ती
चंदनाच्या उदबत्तीचा वास आला की मला अंबरनाथमधली आमची खोली आठवते. नव्वद सालाच्या सुमारास माझे आतडे अचानक फुटले. शुद्धीवर आलो तेव्हा पोटाला भोक पाडून त्यावर शौचाची पिशवी लावलेली होती. घरी आल्यावर महिनाभर मी उंबरा ओलांडला नाही, पत्नीबरोबर जेवायलाही बसलो नाही. मग मोरिवलीच्या कारखान्यातले एक सहकारी भेटीस आले. आल्याआल्या त्यांनी खिशातून पुडा काढून माझ्या उशाशी उदबत्ती पेटवली. “जरा फ्रेश वाटेल,” म्हणाले. उशाशी उदबत्ती प्रेताच्या लावतात, एवढीही अक्कल त्या गृहस्थांना नव्हती. पत्नीने ती चिमटीने विझवली. “भावजी, हे अजून जिवंत आहेत. चला, जेवायला बसा.” “नको वहिनी, आज उपास आहे.” त्यांच्या मिशीला वडापावचा चुरा तसाच होता. मी उठलो, पिशवी सावरली आणि पत्नीशेजारी पाटावर बसून त्यांच्यादेखत दोन भाकऱ्या खाल्ल्या. सोमवारी कामावर गेलो आणि कॅन्टीनमध्ये मुद्दाम त्यांच्यासमोरच डबा उघडला. त्यांच्यावर रागावणे मी केव्हाच सोडले आहे. त्यांनी केवळ उदबत्ती लावली. प्रेत होऊन महिनाभर मीच पडलो होतो, आणि त्या पडून राहिलेल्या माणसाला मी अजून क्षमा केलेली नाही.